तोपर्यंत

जानेवारीतील एका सकाळी भाचीला घेऊन मी कोल्हापूरच्या राधानगरी रस्त्यालगतच्या एका गुऱ्हाळावर गेले होते. ऊन अजून वर आले नव्हते. भोगावतीच्या काठावर धुके होते आणि गुऱ्हाळाच्या धुराड्यातून निघणारा धूर त्या धुक्यातच मिसळत असल्यामुळे एक कोठे संपते आणि दुसरे कोठे सुरू होते, हे कळत नव्हते. आत शिरल्यावर मात्र शंका उरली नाही. उकळत्या रसाचा वास नाकाला लागण्याआधी घशाला लागतो. काहिलीतला, म्हणजे मोठ्या कढईतला, रस फेसाळून वर येत होता, जाळव्या चुलवाणात वाळलेली चिपाडे सारत होता आणि गूळ करणारा गुळव्या झाऱ्याने मळी बाजूला काढत, कोणाकडेही न बघता उभा होता. साठी ओलांडलेला माणूस. वाफेने भुवयासुद्धा ओल्या झालेल्या. भाचीने दहा मिनिटे सगळे पाहिले, मोबाइलवर दोन-तीन छायाचित्रे घेतली आणि मग अगदी मनापासून विचारले, “मामा, तुम्ही हेच काम का निवडलंत?” गुळव्याने झारा काठावर आपटून झटकला. “निवडायला ते काय तांदूळ हाईत?” एवढेच म्हणून तो पुन्हा काहिलीकडे वळला.

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने मी हसले.

त्या हसण्याची मला रात्री लाज वाटली. भाचीने पुण्यातली चांगली नोकरी दिवाळीपूर्वी सोडली होती. पगार उत्तम होता, वरिष्ठ छळत नव्हते, घरून काम करण्याचीही मुभा होती. तक्रार करावी असे काही नव्हते आणि बहुधा त्याचाच तिला जास्त त्रास होत होता. “मावशी, हे सगळं मी कशासाठी करते, तेच मला कळत नाही,” असे ती आल्या दिवशी म्हणाली होती. तिच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, फोनवर “हिला जरा समजाव” असे मला बजावले होते, जणू काही मी आयुष्याचे प्रयोजन शोधून कपाटात घडी घालून ठेवले आहे. भाची समजावण्यासारखी मुलगी नाही. ती प्रश्न वहीत लिहिते, त्याखाली रेघ मारते आणि उत्तराची वाट पाहते. त्या सकाळी गुळव्याला विचारलेला प्रश्न तिच्या वहीतला होता. एका वाक्यात त्याची टिंगल झाली, आणि त्या टिंगलीत तिची सख्खी मावशी सामील झाली.

वहीत चार वर्तुळे होती. ज्यांच्या घरात विशी-तिशीतली माणसे आहेत, त्यांना ती ठाऊक असतील: जे आवडते, जे जमते, ज्याची जगाला गरज आहे आणि ज्याचे पैसे मिळतात, अशी एकमेकांत गुंतलेली चार वर्तुळे, आणि ती जेथे मिळतात तेथे मधोमध ‘इकिगाई’, म्हणजे जगण्याला अर्थ देणारी गोष्ट, हा जपानी शब्द. मी ते चित्र कोठून आले याचा शोध घेतला, कारण मला झोप येत नव्हती. चार वर्तुळांचे ते चित्र मुळात स्पेनमधील एका ज्योतिषाचे आहे. त्यात मधोमध ‘प्रयोजन’ असा शब्द होता. तो काढून तेथे ‘इकिगाई’ लिहिण्याचे काम २०१४ मध्ये एका इंग्रज ब्लॉगलेखकाने केले. जपानी माणसे तो शब्द नातवंडे, परसबाग, सकाळचा फेरफटका अशा साध्यासुध्या गोष्टींसाठीही वापरतात. तेथे पगाराचा संबंध येतोच असे नाही. हे कळल्यावर मला थोडा विकृत आनंद झाला. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी ते भाचीला ऐकवलेही. तिने शांतपणे वहीतले एक कोरे पान फाडून माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, “चूक असेल. पण तू भरून दाखव.”

पंचावन्नाव्या वर्षी पेन्सिल घेऊन वर्तुळे काढायला बसणे हा अनुभव घेण्यासारखा आहे. पैशांचे वर्तुळ पाच मिनिटांत भरले. जमते ते वर्तुळही भरले. आवडते त्या वर्तुळापाशी मी अडकले. वीसेक मिनिटांनी मी तेथे एकच शब्द लिहिला आणि लगेच खोडला. तो शब्द होता ‘घंटी’.

टंकयंत्रावर ओळ संपत आली की वाजते ती घंटी. बिंदू चौकापासून हाकेच्या अंतरावर, एका चिवड्याच्या दुकानाच्या माडीवर आमच्या वडिलांचा टायपिंगचा क्लास होता. अकरा यंत्रे, त्यांतील सात इंग्रजी आणि चार मराठी. बहुतेक गोदरेजची, दोन जुनी रेमिंग्टन. सकाळी सातला पहिली तुकडी बसे, आणि तळणीचा वास जिन्यावरून वर येईपर्यंत दुसरी तुकडी ‘ए एस डी एफ जी एफ’वर येऊन पोहोचलेली असे. यंत्रांना घालायच्या तेलाचा वास, काळ्या-लाल फितीचा वास, कार्बन कागदाचा तो किंचित गोडसर वास आणि त्यावर परतलेल्या शेंगदाण्यांचा आणि कढीपत्त्याचा वास. अकरा यंत्रे एकाच वेळी चालू असली की पत्र्यावर वळीव कोसळावा तसा आवाज होई. त्या आवाजातून कोणत्या यंत्राची घंटी वाजली, हे वडील मागे न वळता सांगत. काही वर्षांनी मीही सांगू लागले. यासाठी मला कोणी पदक दिले नाही, पण ते येते, हे मला आजही उगीचच महत्त्वाचे वाटते.

मी तेथे १९८८ मध्ये बसले. बारावीला मला फार्मसीसाठी लागणाऱ्या गुणांपेक्षा थोडे कमी गुण पडले. वडील रागावले नाहीत. “पुढच्या वर्षी बघू,” असे म्हणाले, “तोपर्यंत क्लासवर बस.” मला फार्मसीला जायचे होते, असे मी आजवर सर्वांना सांगत आले आहे. खरे सांगायचे तर मला फार्मसीचे काहीही पडले नव्हते. मला सांगलीला किंवा पुण्याला, वसतिगृहातल्या खोलीत, स्वतःच्या नावाची पत्र्याची ट्रंक घेऊन राहायचे होते. पुढच्या वर्षी प्रवेशाचे अर्ज निघाले तेव्हा क्लासच्या परीक्षा तोंडावर होत्या. त्याच्या पुढच्या वर्षी काय झाले, ते आता आठवतही नाही. तोपर्यंत म्हणून बसलेली मी एकोणतीस वर्षांनी उठले.

या शब्दाकडे माझे लक्ष फार उशिरा गेले. क्लासमध्ये येणारा प्रत्येक जण तोपर्यंतच आलेला असे. नोकरीचा कॉल येत नाही तोपर्यंत, लग्न ठरत नाही तोपर्यंत, बी. कॉम.चा निकाल लागत नाही तोपर्यंत. पन्हाळ्याकडून पहाटेच्या एसटीने येणारी एक मुलगी होती. डब्यात भाकरी आणि खर्डा असे, आणि बोटांना खर्ड्याचा वास येतो म्हणून ती यंत्राला हात लावण्याआधी दोनदा साबण लावी. तीही “घरात काहीतरी ठरेल तोपर्यंत” शिकत होती. अकरा यंत्रांसमोर अकरा माणसे बसलेली, आणि एकालाही तेथे असायचे नाही. तरीही वेग वाढत असे. मिनिटाला तीस शब्द, मग चाळीस. सरकारी परीक्षेला स्वतःचे यंत्र केंद्रावर न्यावे लागे, म्हणून आम्ही टेम्पोत गाद्या अंथरून यंत्रे चढवायचो, आणि कोंबड्या न्याव्यात तशी पोरे त्यांना दोन्ही हातांनी धरून बसायची. ज्या गोष्टीसाठी कोणी जन्माला आले नव्हते, तिच्यासाठी ती काळजी होती.

त्या रात्री गुळव्याचे वाक्य मला प्रथम याच कारणाने पटले. माणूस काम निवडत नाही, काम माणसाला लागते, जशी एखादी सवय लागते, असे मला वाटू लागले. भाचीला सकाळी काय सांगायचे तेही मनात तयार झाले. अंगवळणी हा शब्द केवढा नेमका आहे पाहा, असे मी तिला म्हणणार होते. अंगाला वळण लागते, मग मनाला लागते, प्रयोजनाचे नाव काढायची गरजच पडत नाही. हे ऐकायला फार छान आहे. पन्नाशी उलटलेल्या माणसांना असे शहाणपण सुचते, आणि त्यात त्यांच्या स्वतःच्या न घडलेल्या गोष्टींची सोय झालेली असते.

सकाळी दसरा चौकातून जाताना त्या शहाणपणाला तडा गेला. चौकात शाहू महाराजांचा पुतळा आहे आणि आसपास त्यांच्या काळात सुरू झालेली वसतिगृहे आहेत. १९०१ पासून एकामागून एक उभी राहिलेली ही वसतिगृहे आम्ही कोल्हापूरकर येता-जाता पाहतो, म्हणजे पाहत नाही. ज्याच्या घरी शिकण्याची सोय नाही, त्या खेड्यातल्या पोराने शहरात येऊन राहावे म्हणून ती बांधली गेली. १९०२ मध्ये संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या गेल्या. १९१८ मध्ये बलुतेदारीची पद्धत बंद झाली, म्हणजे बापाने जे केले तेच मुलाने करावे ही सक्ती कागदावर तरी संपली. ज्याला आपण कौतुकाने वाट्याला आलेले काम म्हणतो, ते या देशात पिढ्यानुपिढ्या डोक्यावर ठेवलेले ओझे होते, आणि ‘स्वधर्म’ या सुंदर शब्दाने ते ओझे बांधलेले होते. महाराजांच्या पागेत नोकरीला असलेल्या गंगाराम कांबळे यांनी पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. पुढे महाराजांच्या पाठबळाने त्यांनी चहाचे हॉटेल काढले, आणि महाराज भर रस्त्यात गाडी थांबवून त्यांच्या हातचा चहा पीत, बरोबरच्यांनाही पाजत. चहाचे दुकान काढणे ही काही कोणाची चार वर्तुळे मिळण्याची जागा नसेल. पण जो माणूस पागेतच राहावा अशी सगळ्या गावाची व्यवस्था होती, त्याने पाटी लावून दुकान उघडले. निवडणे म्हणजे काय, ते त्या पाटीला कळले असेल.

मग तांदळाच्या त्या वाक्यात शहाणपण किती होते आणि हतबलता किती होती? मी हसले ते कशाला हसले?

आमच्या क्लासमधली बरीच पोरे त्याच वसतिगृहांतून येत. टायपिंगचे प्रमाणपत्र हा त्यांच्यासाठी छंद नव्हता. कोर्टात, जिल्हा परिषदेत, पाटबंधारे खात्यात शिरण्याचा तो लहानसा दरवाजा होता. वडिलांना हे माहीत होते की नाही, मला सांगता येणार नाही. ते कधी मोठे बोलले नाहीत. फी बुडवणाऱ्या पोरांची नावे ते एका वेगळ्या वहीत लिहीत आणि ती वही हरवली आहे असे सांगत. मी ती त्यांच्या मृत्यूनंतर गादीखाली पाहिली. पोरे पुढे कोठे गेली, याचा मला फारसा पत्ता नाही. कोणी पेढे घेऊन आले, बरेचसे आले नाहीत, आणि का यावे? दरवाज्यातून आत गेलेला माणूस दरवाज्याला भेटायला परत येत नाही.

वडिलांचे एक वाक्य मात्र मला सतत आठवते, आणि त्याचा अर्थ त्यांनी लावला असेल असे मला वाटत नाही. मराठी टंकयंत्रावर ह्रस्व वेलांटी आधी उमटवावी लागे आणि तिचे अक्षर मागून. हाताने लिहिताना आपण आधी ‘द’ काढतो आणि मग त्याला वेलांटी देतो. यंत्राचा गाडा एकाच दिशेने सरकणारा, तो मागे येऊन वेलांटी घालू देत नसे. नवीन पोरांचा येथेच गोंधळ होई. ‘दिवस’ टाइप करायला जावे, तर सवयीने आधी ‘द’ पडे, वेलांटी पुढच्या ‘व’वर जाऊन बसे आणि कागदावर ‘दविस’ उमटे. वडील मागे उभे राहून म्हणत, “आधी वेलांटी ठेव. अक्षर येतंय मागनं.” कोऱ्या जागेवर, ज्या अक्षराचा अजून पत्ता नाही त्याच्यासाठी, वेलांटी ठेवून द्यायची. हे मी हजारो वेळा केले आणि हजारो पोरांकडून करून घेतले. आता याचे रूपक करण्याचा मोह फार होतो, पण भाचीसमोर मी तो आवरला. तिला टंकयंत्र दाखवले असते तरी ती म्हणाली असती, “पण मावशी, कुठलं अक्षर येणार आहे, हे तुम्हाला आधी माहीत असायचं ना?” आणि ते खरेच आहे.

एकोणतीस वर्षे मी घरून क्लासला खरी कॉर्नरवरून जात असे. तेथे दगडी चौथऱ्यावर कॅमेऱ्याची प्रतिकृती आहे, चित्रपटकार बाबूराव पेंटर यांच्या स्मरणार्थ. आनंदराव आणि बाबूराव हे आते-मामे भाऊ, नाटकांचे पडदे रंगवणारे. चित्रपट पाहून दोघांना आपणही तो करावा असे वाटले. कॅमेरा हवा, तर तोही आपणच बनवावा, असे ठरले. १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी ते काम पुढे नेले आणि १९१८ मध्ये कॅमेरा तयार झाला. शाळेत आम्हाला ही गोष्ट जिद्दीची म्हणून शिकवली. मला त्यात नेहमी दुसराच एक माणूस दिसे, भावाच्या जाण्यानंतर अर्धवट सुटे भाग समोर घेऊन बसलेला. ते स्वप्न त्या वेळी नक्की कोणाचे होते? भोगावतीवरचे राधानगरी धरणही असेच. शाहू महाराज १९२२ मध्ये गेले तेव्हा ते पुरे झालेले नव्हते. ते पुढच्या माणसांनी पुरे केले, स्वातंत्र्यानंतर. आज त्या पाण्यावर ऊस उभा राहतो, तो ऊस त्या गुळव्याच्या काहिलीत येतो, आणि तो म्हणतो निवडायला ते काय तांदूळ आहेत.

क्लास २०१७ मध्ये बंद झाला. यंत्रावरची शेवटची सरकारी परीक्षा त्याच वर्षी झाली. यंत्रे बनणे तर त्याआधीच थांबले होते. संगणक घ्यावेत, असे पुष्कळांनी सुचवले. माझ्याने झाले नाही. दहा यंत्रे किलोच्या भावाने गेली, एक मराठी यंत्र मी घरी आणले. त्यानंतरचे काही महिने सकाळी सातला माझी बोटे आपोआप जागी होत आणि चादरीवर हलत. मला अतिशय मोकळे वाटत होते आणि अतिशय रिकामे. यांतले कोणते खरे, याचा निकाल अजून लागलेला नाही. जे मी कधी निवडलेच नाही, ते गेल्यावर इतके का दुखावे, हा प्रश्न मी वहीत लिहिला असता तर त्याखाली मीही रेघ मारली असती.

भाची फेब्रुवारीत परत गेली. जाताना तिने माझे वर्तुळांचे पान मागितले. मी ते खोडलेल्या शब्दासकट दिले. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. एका संस्थेत ती हिशेबाचे काम बघते आहे, पगार आधीच्या निम्माही नाही. “आवडतं का?” असे मी विचारले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “काही कळत नाही गं. पण काहीतरी ठरत नाही तोपर्यंत बरं आहे.” मी फोन कानाला लावून तशीच उभी राहिले. तिला काही म्हणाले नाही.

मार्चमध्ये मी पुन्हा गुऱ्हाळावर गेले. घरात गूळ होता, तरी गूळ घ्यायचा आहे असे स्वतःला सांगत एकटीच गेले. हंगाम संपत आला होता. बाहेर उसाच्या मोळ्या थोड्याच उरल्या होत्या आणि दुपारच्या उन्हात चिपाडांचा ढीग पांढुरका दिसत होता. गुळव्याने मला ओळखले. “त्या पोरीस्नी आनलं न्हाई?” असे त्याने विचारले, आणि मग, बहुधा त्या दिवशीचे त्यालाही आठवत असावे, स्वतःहूनच बोलू लागला. तो दोन वर्षे कोल्हापुरात तालमीत होता. पहाटे तीनला उठून माती खणायची, हजार जोर, मग लढत. वस्तादांचा हात पाठीवर होता. “ते निवडलं व्हतं,” तो म्हणाला, ‘ते’ या शब्दावर जोर देऊन. घरात खाणारी तोंडे जास्त, दूध-बदामाचा खुराक कोठून आणायचा? बाप दुसऱ्यांच्या गुऱ्हाळांवर गुळव्या होता. तो म्हणाला, ये हंगामापुरता. “हंगामापुरताच आलतो,” गुळव्या म्हणाला आणि हसला. चाळीस वर्षे होऊन गेली. पोरगा आता शिरोलीत कारखान्यात मशीनवर आहे, त्याला इकडे फिरकू दिलेले नाही, तेही त्याने सांगितले, अभिमानाने की आणखी कशाने, ते मला ओळखता आले नाही.

मी विचारले, “मामा, वाईट वाटलं असेल ना, तालीम सुटली तेव्हा?”

त्याचे लक्ष माझ्याकडे नव्हते. काहिलीतला फेस बसला होता, रसाचा रंग मधासारखा गडद झाला होता आणि बुडबुडे जड होऊन संथ फुटत होते. त्याने उलथन्याच्या टोकावरचा थोडा पाक गार पाण्याच्या परातीत सोडला, बोटांनी गोळा केला आणि ती गोळी परातीच्या कडेवर टाकली. टण् असा बारीक आवाज झाला. तो मान कलती करून ऐकत होता, जशी मी अकरा यंत्रांतून एक घंटी ऐकत असे. मग त्याने हात वर केला. जाळव्याने आग ओढली, चौघे जण काहिलीच्या कड्यांकडे धावले.

“बसा तवर,” तो मला म्हणाला, आणि कडी धरली.